पाण्याची वाटणी: सातबारा मोजायचा की माणसं?



उन्हाळा लागला की आपल्या पैनगंगेचं पात्र कोरडं पडतं. मग इकडच्या विदर्भातली आणि पलीकडच्या मराठवाड्यातली काठावरची गावं एकच मागणी करतात, इसापूर धरणातून नदीत पाणी सोडा. पाणी आलं नाही तर हंडा घेऊन आपणच निघतो. पण पाणी कुणाला किती द्यायचं हे ठरणाऱ्या बैठकीत आपल्यातल्या किती जणी असतात? आज आम्ही ह्याच प्रश्नाचा इतिहास सांगणार आहोत.

आधी आपल्या विदर्भातलं बघू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या वैनगंगेच्या मुलखात हजारो मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं ते बांधले. वरचा तलाव भरला की त्याचं पाणी खालच्या तलावात जायचं. वरच्या गावानं पाळ सांभाळली तर खालच्या गावाचं धान पिकायचं. मालकी मालगुजाराची होती, पण गाळ काढायला, पाळ दुरुस्त करायला गाव राबायचं.

१९५१ साली मालगुजारी गेली. जुलूम संपला, हे चांगलंच झालं. पण तलाव गावाच्या हाती आले नाहीत, सरकारकडे गेले. मोठे पाटबंधारे खात्याकडे आणि लहान पुढे जिल्हा परिषदेकडे. गावाची रीत मोडली, तलावांत गाळ साचला, बेशरम माजली. धान पिकवणाऱ्याचं नुकसान झालंच. पण ज्यांचं पोट मासोळीवर, त्या ढिवर घरांचंही झालं. जमीन नसली तरी त्यांचं जगणं तलावावरच होतं.

आता पुणे जिल्ह्यात जाऊ. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्या इंजिनिअर कारखानदारानं पुरंदर तालुक्यातल्या नायगावला देवस्थानची पडीक जमीन भाड्यानं घेतली. उतारावर बांध घातले, पावसाचं पाणी अडवलं, मुरवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐका. पाणी एकट्याला नाही, गटाला मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा.

बायांनो, इथं एकर मोजले नाहीत, माणसं मोजली. घरातली बाईसुद्धा त्या मोजणीत आली.

२००५ साली आपल्या राज्यात कायदा झाला. धरणाच्या कालव्यांचा कारभार शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे द्यायचा, असं त्यात ठरलं. संचालक मंडळात बाईसाठी जागाही ठेवली. पण सभासद कोण? ज्याच्याकडे लाभक्षेत्रातली जमीन आहे तो. निंदण, खुरपण, कापूस वेचणं आपण करतो आणि सातबाऱ्यावर नाव धन्याचं. मग आपण तिथं कशा बसणार?

ह्यावर एक वाट आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली. बाईच्या नावावर जमीन करा, असं ते गावोगाव सांगत. नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याचा शासन निर्णय १९९२ सालचा आहे.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की प्रत्येकीनं घरचा सातबारा समोर ठेवावा. आपलं नाव आहे का ते बघावं. नसेल तर घरी विषय काढावा, तलाठ्याकडे जोडीनं जावं. आणि ज्यांच्याकडे जमीनच नाही, त्या मैत्रिणींसाठी ग्रामसभेत आपण सगळ्या जणींनी मिळून नायगावचा नियम सांगावा. पाणी माणसाला लागतं, सातबाऱ्याला नाही.