कंडेन्सरचा इतिहास कागदावर का सापडत नाही?

मागच्या लेखानंतर दोन-तीन जणांनी एकच प्रश्न विचारला: "विषय आपल्या गावातला घेतला तर चालतो का? गाईड हसणार नाहीत ना?" माझे गाईड हसले नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "याचा पुरावा कुठे आहे?" त्या प्रश्नाने माझं पहिलं वर्ष खाल्लं. आज तीच गोष्ट सांगतो. पेट दिलेल्यांना आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांना ती उपयोगी पडेल.

माझा विषय थोडक्यात असा: गावात सिंगल फेज लाईट असताना शेतकऱ्यांनी थ्री फेज मोटारी कशा चालवल्या आणि त्यावरून वीज, पाणी आणि सरकार यांच्या नात्याबद्दल काय कळतं. आमच्याकडे याला एका शब्दात 'कंडेन्सर टाकणं' म्हणतात. सोलापूरकडच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. पण शोधनिबंधात सगळं सांगावं लागतं, म्हणून आधी थोडं तंत्र बघू.

तीन तारा लागतातच कशाला?

१८८८ मध्ये गॅलिलिओ फेरारिस आणि निकोला टेस्ला या दोघांनी स्वतंत्रपणे फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना मांडली. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेन ते फ्रँकफर्ट असं सुमारे १७५ किलोमीटर अंतर थ्री फेज वीज वाहून दाखवण्यात आली. त्यानंतर कारखान्यांची वीज म्हणजे थ्री फेज हे जवळपास ठरून गेलं. तीन तारांमधले प्रवाह एकामागोमाग एक वर-खाली होतात, त्यामुळे मोटारीच्या पोटात चुंबकीय क्षेत्र आपोआप गोल फिरतं आणि रोटर त्याच्यामागे ओढला जातो. मोटार साधी, टिकाऊ आणि स्वस्त होते.

यातली एक तार गेली, की क्षेत्र फिरत नाही, नुसतं पुढे-मागे हलतं. थांबलेली मोटार मग सुरूच होत नाही, 'घुंऽऽ' करत तापत राहते. चालू मोटारीचा फेज गेला तर ती फिरत राहते, पण तेवढंच काम करायला उरलेल्या तारांतून सुमारे १.७३ पट करंट ओढते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्या वाइंडिंगमध्ये जवळजवळ तिप्पट. "मोटार जळाली" या आपल्याकडच्या रोजच्या वाक्यामागे हे गणित आहे.

कंडेन्सर इथे कामाला येतो. तिसऱ्या टोकाला तो जोडला की तिथला करंट वेळेच्या हिशेबाने पुढे सरकतो आणि एक खोटा तिसरा फेज तयार होतो. मोटारीला फसवलं जातं आणि ती फिरते. पण ही फसवणूक एका ठराविक लोडलाच नीट जमते. विहिरीची पातळी खाली गेली, लोड बदलला, की तोल बिघडतो. शिवाय मोटारीची पूर्ण ताकद मिळत नाही. दोन-तृतीयांशाच्या आसपास काम घ्यावं, असा ढोबळ नियम आहे.

तेच यंत्र, पण तिकडे अब्रूदार

वाचन सुरू केल्यावर मला पहिला धक्का बसला तो अमेरिकेच्या इतिहासाने. १९३० च्या दशकाच्या मध्यात तिथल्या दहा शेतांपैकी जेमतेम एका शेतावर वीज होती. १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं आणि १९३६ मध्ये कायदा केला. शेतं एकमेकांपासून लांब, म्हणून खर्च वाचवायला गावोगाव सिंगल फेज लाईन ओढल्या गेल्या. पुढे धान्य वाळवायला, पाणी उपसायला मोठ्या मोटारी लागल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी 'फेज कन्व्हर्टर' विकत घेतले. काही कन्व्हर्टर कंडेन्सरवर चालणारे, तर काहींमध्ये एक मोटार रिकामी फिरवून तिच्यातून तिसरा फेज काढलेला. ही युक्तीही जुनीच. अशा कन्व्हर्टरला आजही इटलीच्या रिकार्डो आर्नोचं नाव जोडलं जातं.

म्हणजे तत्त्व तेच, पण तिकडे ते दुकानात मिळणारं, वीज सोसायटीला विचारून बसवायचं अवजार. आपल्याकडे मात्र ते स्टार्टरच्या पेटीमागे पोत्याखाली झाकून ठेवायची वस्तू. असं का? माझा संशोधनप्रश्न इथे तयार झाला. सिनॉप्सिसवाल्यांनी हे लक्षात ठेवा: "कंडेन्सर कसा चालतो" हा संशोधनप्रश्न होत नाही. "एकच वस्तू एका ठिकाणी अवजार आणि दुसऱ्या ठिकाणी गुन्हा का ठरते" हा होतो.

तार नव्हती तिकडे, वीज नव्हती इकडे

आपल्या खेड्यात वीज आली ती मुख्यतः पंपासाठी. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० चं. १९६५-६६ च्या दुष्काळानंतर पंपांच्या वीजजोडण्यांवर देशभर जोर आला आणि १९६९ मध्ये त्यासाठी कर्ज देणारं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं. पंपासाठी लाईन ओढायची म्हणून तिन्ही तारा शिवारापर्यंत आल्या. त्याच लाईनवर गावातली घरं, गिरणी, शाळा जोडली गेली. आपल्याकडे तिसऱ्या तारेची अडचण कधी नव्हतीच.

पुढे मीटर वाचायचा खर्च परवडेना आणि राजकारणही आड आलं, म्हणून राज्याराज्यांत मोटारीच्या एचपीवर बिल सुरू झालं. पाच एचपीची मोटार असेल तर ठराविक रक्कम, मग ती दिवसाला दोन तास चालवा नाहीतर वीस. मीटर गेल्याचा आणखी एक परिणाम इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहायलाच हवा: शेतीने किती वीज वापरली हे कुणी मोजेनासंच झालं. एकूण विजेतून मोजलेली वीज वजा करायची आणि उरलेली काही शेतीच्या, काही गळतीच्या नावावर टाकायची. १९९६ मध्ये पुण्याच्या 'प्रयास' गटातल्या गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी महाराष्ट्रातल्या कृषिपंपांचं अनुदान नक्की कुणाच्या पदरात पडतं याची तपासणी केली. तो निबंध वाचाच. सरकारी आकड्याला प्रश्न कसे विचारायचे हे त्यात शिकायला मिळतं.

आता वीज कमी पडली की करायचं काय? मीटर नाही, त्यामुळे दर वाढवून वापर कमी होत नाही. राहिले तास. पण फीडर बंद केला तर पंपांबरोबर घरातले दिवेही जातात, आणि परीक्षेच्या दिवसांत गाव अंधारात ठेवलं की मोर्चा येतो. त्यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा म्हणजे थ्री फेज काही तास द्यायचा आणि उरलेला वेळ 'सिंगल फेज' ठेवायचा. दिवे, पंखे चालतील, मोटारी चालणार नाहीत. तिन्ही तारा खांबावर तशाच, पण त्यातला फेज वेळापत्रकाने काढून घेतलेला. अमेरिकेत सिंगल फेज हा काटकसरीचा मार्ग होता. आपल्याकडे तो रेशनिंगचा झाला. म्हणून तिकडचा कन्व्हर्टर गैरसोय दूर करत होता, तर इकडचा कंडेन्सर रेशन मोडत होता. माझ्या प्रबंधाचा मुद्दा एका ओळीत सांगायचा तर हाच.

गुजरातमध्ये याच कंडेन्सरला 'तोटा' म्हणत. तुषार शाह आणि शिल्प वर्मा यांच्या २००८ च्या निबंधात त्याचा उल्लेख आहे. मला अभ्यासकांच्या छापील लेखनात हाती लागलेला हा पहिला ठोस धागा. २००३ मध्ये तिथे ज्योतिग्राम योजना सुरू झाली आणि २००६ पर्यंत बहुतेक गावांत पोचली. शेतीचा फीडर वेगळा, गावाचा वेगळा. गावाला चोवीस तास, शेतीला वेळापत्रकाने आठ तास पूर्ण दाबाने थ्री फेज. शेतीच्या तारेवर बाकीच्या वेळी वीजच नाही म्हटल्यावर तोटा लावणार कशाला? पण याच निबंधात दुसरी बाजूही नोंदवली आहे. पाणी विकणाऱ्यांकडचं पाणी आटलं आणि त्यांच्याकडून विकत घेणारे छोटे शेतकरी, वाटेकरी, मजूर अडचणीत आले. महाराष्ट्रातही गावठाण फीडर वेगळे करण्याची कामं झाली. अलीकडे, २०१७ पासून, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायचा प्रयत्न चालू आहे.

पुरावा कुठे सापडला?

अभिलेखागारात 'कंडेन्सर' शोधून मला काहीच मिळालं नाही. मिळणार कसं? जो वापरतो तो लिहीत नाही, आणि जो लिहितो त्याच्या कागदात ती वस्तू नावाने येत नाही. २००३ च्या वीज कायद्यात कलम १२६ आहे, 'अनधिकृत वापरा'चं. कलम १३५ आहे, चोरीचं. रात्री दोनला दारं धरायला जाणाऱ्या माणसाच्या हातातल्या डबीला या कागदांत वेगळी जागा नाही.

मग मी उलटीकडून शोधायला लागलो. तालुक्याच्या ठिकाणची मोटार रिवाइंडिंगची दुकानं धरली. एका मिस्त्रींनी जुन्या वह्या दाखवल्या: तारीख, एचपी, किती तार लागली, किती पैसे. कारण कुठेच लिहिलेलं नाही. पण जळालेलं वाइंडिंग हातात घेतलं की मिस्त्री सांगतात, "हे बघा, सगळं सारखं काळं असलं तर ओव्हरलोड. काही गाळे काळे आणि काही कोरे, तर फेज गेलेला." म्हणजे कागद जे सांगत नव्हता ते तांबं सांगत होतं. त्याच दुकानात एका फळीवर सिंगल फेज प्रिव्हेंटर ठेवलेले, म्हणजे फेज गेला की मोटार बंद पाडणारे, आणि खालच्या फळीवर कंडेन्सर. मी विचारलं, दोन्ही एकच माणूस नेतो का? ते म्हणाले, "आधी हे नेतो. मग ते न्यायला येतो, तेव्हा हे काढून ठेवतो."

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. आमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटार होती आणि तिला कंडेन्सर होता. वडिलांनी बसवून घेतलेला. मी शाळेत असताना एका उन्हाळ्यात आमचा डीपी जळाला. वर्गणी झाली, टेम्पो केला, खेटे घातले. दुसरा डीपी येईपर्यंत डीपीवरच्या सगळ्यांचा कांदा वाळून गेला. घरात आम्ही वीज कंपनीला शिव्या दिल्या, आणि माझ्या पहिल्या मसुद्यातही मी तेच लिहिलं: व्यवस्था नालायक, शेतकरी हुशार. गाईडनी समासात विचारलं, "त्या डीपीवर सिंगल फेजच्या वेळी किती मोटारी चालत होत्या?"

मी मोजल्या. विचारून विचारून मोजल्या. एक सोडून सगळ्या. डीपीचं तिन्ही फेजवर वाटायचं ओझं रोज काही तास एकीकडेच पडत होतं. डीपी त्यानेच जळाला असं मी छातीठोक म्हणणार नाही, कारण तो जुना होता आणि तेलही कमी असायचं. पण त्यानेही जळाला, हे नाकारता येत नाही. कंडेन्सर न लावणारे एकटे शेजारचे काका. त्यांचाही कांदा गेला. मुलाखतीला गेलो तेव्हा मी भीत भीत आमच्या कंडेन्सरचं सांगितलं. ते म्हणाले, "मला काय नवीन सांगतोस? लाईट सिंगल असताना तुमची मोटार घुमायची ती माझ्या वस्तीवर ऐकू यायची." मग तक्रार का नाही केली? "तुझा बाप रात्री माझ्याबी वाफ्यात पाणी सोडायचा की."

हे उत्तर प्रबंधात कुठल्या प्रकरणात बसवायचं हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. त्याला चोरी म्हटलं तर काकांचा वाफा सुटतो. जुगाड म्हणून कौतुक केलं तर जळालेला डीपी सुटतो. सध्या मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आहेत. वडिलांना विचारूनच हे इथे लिहिलं. बाकी कुणाचं नाव, गाव, डीपी नंबर प्रबंधात येणार नाही, कारण माझ्या प्रकरणामुळे उद्या कुणावर कलम लागायला नको.

तुमच्यासाठी तीन गोष्टी. एक, कागदावर शब्द सापडला नाही म्हणून गोष्ट घडली नाही असं समजू नका. ती कुणाच्या दुकानात, कुणाच्या वहीत, कुणाच्या कानात राहिली असेल ते शोधा. दोन, आकडा उचलण्याआधी तो मोजलेला आहे की वजाबाकीतून उरलेला, हे बघा. तीन, विषय आपल्या घरातला असेल तर जरूर घ्या, पण मग आपल्या घरची मोटारही मोजा.

पुढच्या लेखात मुलाखतीची परवानगी लेखी घ्यावी की तोंडी, यावर लिहीन. प्रश्न असतील तर खाली विचारा.