लेखी आदेशाचे कलम : आयुर्विमा महामंडळ आणि १९५७ चा मुंध्रा व्यवहार

सरकारी उद्योगांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा त्यांच्या स्थापनेकडे, भांडवलाकडे व उत्पादनाकडे जाते. संस्थेच्या आत निर्णय कोण घेतो, तो कोणत्या कागदावर उतरतो आणि तो कागद पुढे कोण तपासतो, हे प्रश्न हिशेबनिसांचे मानून बाजूला ठेवले जातात. भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या पहिल्याच वर्षात घडलेला मुंध्रा व्यवहार या प्रश्नांच्या उत्तरावाचून समजत नाही. त्यावर जे लिहिले गेले त्यात मंत्र्याच्या राजीनाम्याला फार जागा मिळाली आहे, आणि महामंडळाच्या अंतर्गत यंत्रणेला फार थोडी. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा विचार करावयाचा आहे.

आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकुमाने झाले. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी त्याचे समर्थन करताना, त्यापूर्वीच्या दहा वर्षांत २५ विमाकंपन्या बुडाल्या व आणखी तितक्याच कंपन्यांचा कारभार विमेदारांचे नुकसान सोसून इतरांकडे सोपवावा लागला, याकडे लक्ष वेधले होते. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत दालमिया समूहाच्या भारत इन्शुरन्स कंपनीतील गैरव्यवहार उघड केले होते, आणि त्या भाषणाची स्मृती ताजी होती. विमेदारांनी विश्वासाने ठेवलेला पैसा मालक आपल्या इतर उद्योगांकडे वळवितात, हा मुख्य आक्षेप होता. पुढे १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ अस्तित्वात आले. १५४ भारतीय व १६ परदेशी विमाकंपन्या आणि ७५ भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ घटक त्यात विलीन झाले. भांडवल ५ कोटी रुपये होते आणि मध्यवर्ती कार्यालय मुंबईस होते.

या संस्थेला नियंत्रणाची जी चौकट देण्यात आली, तिची तीन अंगे पाहण्याजोगी आहेत. पहिले अंग गुंतवणूक समितीचे. कलम १९ प्रमाणे महामंडळाला अशी समिती नेमता येत होती व तिने गुंतवणुकीबाबत सल्ला द्यावयाचा होता. समिती नेमता येईल आणि ती सल्ला देईल, अशी ही रचना होती. समितीने नाकारलेली वा तिच्यापुढे आलीच नाही अशी गुंतवणूक रद्द ठरावी, असे त्या कलमात कोठेही नव्हते. दुसरे अंग हिशेबतपासणीचे. कलम २५ ने हे काम केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीने महामंडळानेच नेमलेल्या सनदी हिशेबतपासनिसांकडे दिले. दामोदर खोरे महामंडळाची आणि १९५३ च्या कायद्याने निर्माण झालेल्या दोन्ही विमान महामंडळांची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडे होती. आयुर्विमा महामंडळ त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. १९५६ च्याच कंपनी कायद्याने, ज्यांत शासनाचा ५१ टक्के हिस्सा आहे अशा सरकारी कंपन्यांच्या बाबतीत कलम ६१९ अन्वये महालेखापरीक्षकांना पूरक तपासणीचा अधिकार दिला. एकाच वर्षी एकाच संसदेने दोन प्रकारच्या सरकारी संस्थांसाठी दोन निरनिराळी मापे ठरविली, हे विसरता कामा नये. व्यापारी निर्णयावर सरकारी लेखापरीक्षकाची छाया नको, ही त्यामागची भूमिका अगदीच निराधार नव्हती. पण ती छाया काढून घेतल्यावर तिच्या जागी आतली कोणती पहारेदारी उभी करावयाची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

तिसरे अंग कलम २१ चे, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची किल्ली तेथेच आहे. सार्वजनिक हिताशी निगडित अशा धोरणविषयक बाबतीत केंद्र सरकार महामंडळाला लेखी निर्देश देऊ शकेल, असे ते कलम सांगते. एखादी बाब धोरणाची आहे की नाही याविषयी प्रश्न उद्भवल्यास सरकारचा निर्णय अंतिम मानला होता. म्हणजे सरकारच्या अधिकारावर खरी मर्यादा अशी एकच उरली होती, ती म्हणजे लेखणी उचलण्याची.

जून १९५७ मध्ये हीच मर्यादा टाळली गेली. कलकत्त्याचे हरिदास मुंध्रा हे भांडवलदार त्या वेळी कर्जाच्या ओझ्याखाली होते. त्यांच्याशी मुंबईत बोलणी होऊन २४ व २५ जूनच्या सुमारास महामंडळाने सहा कंपन्यांचे भाग सुमारे १ कोटी २४ लक्ष रुपयांस घेतले. त्या कंपन्या म्हणजे रिचर्डसन अँड क्रुडास, जेसप, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑसलर लॅम्प्स, अँजेलो ब्रदर्स आणि कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन. (यांपैकी जेसप, रिचर्डसन अँड क्रुडास व ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन या कंपन्या १९७० नंतर शासनाच्याच मालकीच्या झाल्या.) बोलण्यांत पुढाकार अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल यांचा होता. महामंडळाच्या बाजूने अध्यक्ष जी. आर. कामत व व्यवस्थापकीय संचालक एल. एस. वैद्यनाथन हे होते. काही भागांसाठी दिलेली किंमत बाजारभावाहून अधिक होती. गुंतवणूक समितीला या व्यवहाराची वार्ता तो पुरा झाल्यावर मिळाली.

येथे क्षणभर थांबून हिशेबतपासनिसाच्या जागी आपण स्वतःला कल्पावे. वर्षअखेर तो महामंडळाच्या वह्या पाहतो. भागपत्रे तिजोरीत आहेत, रक्कम धनादेशाने दिलेली आहे, पावती आहे, खतावणीतील नोंद बरोबर आहे. त्याच्या शास्त्राप्रमाणे व्यवहार निर्दोष ठरतो. दोष आहे तो अनुपस्थित कागदांत: समितीचे टिपण नाही, कंपन्यांच्या आर्थिक स्थितीची छाननी नाही, शासनाचा लेखी निर्देश नाही. नसलेला कागद पाहावयाचा तर तो कोठे असावयास हवा होता हे आधी ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक असणे हेच अंतर्गत हिशेबतपासणीचे काम आहे. बाहेरचा तपासनीस झालेल्या खर्चाचा पुरावा मागतो. आतल्याने खर्च होण्यापूर्वीच्या वाटेवर उभे राहावयाचे असते.

मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटू नये. पेशवाईत जिल्ह्याच्या कारभारात मामलेदाराच्या जोडीला दिवाण, मुजुमदार, फडणीस आदी दरकदार असत. पत्रांवर व हिशेबांवर त्यांची निशाणी लागे, आणि मामलेदाराला त्यांना दूर करता येत नसे. त्या पद्धतीचे पुढे वतनात रूपांतर होऊन तिचे तेज गेले हे खरे. पण ज्याच्यावर लक्ष ठेवावयाचे त्याच्या मर्जीवर लक्ष ठेवणाऱ्याची भाकरी अवलंबून नसावी, हे तत्त्व तिच्यात होते. १९५७ च्या महामंडळात नेमका याचाच अभाव होता. अध्यक्ष सनदी नोकर, आणि सल्ला देणारा सचिव त्याच सेवेतील ज्येष्ठ अधिकारी. अशा स्थितीत सल्ला आणि हुकूम यांतील सीमारेषा कोणी आखावयाची?

सप्टेंबर १९५७ मध्ये संसदेत या व्यवहाराविषयी प्रश्न विचारला गेला. सरकारची पहिली उत्तरे त्रोटक व संदिग्ध होती. १६ डिसेंबर रोजी फिरोज गांधींनी केलेल्या भाषणानंतर ती तशी ठेवणे अशक्य झाले. जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. चौकशी मुंबईत खुली झाली. गर्दीसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आयोगाच्या साहाय्यास होते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार यांचीही साक्ष झाली. कलकत्त्याचा शेअरबाजार सावरण्यासाठी ही खरेदी केली, हे समर्थन आयोगाला पटले नाही. मंत्र्यांची संमती होती असे सचिव म्हणाले. आपण ती दिली नव्हती असे अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी म्हणाले. महामंडळाच्या अधिकाऱ्यांनी सचिवाचे म्हणणे सरकारचेच मानले होते. कोणापाशीही कागद नव्हता, म्हणून एका मुख्य न्यायमूर्तीला चार प्रतिष्ठित माणसांच्या स्मरणशक्तींची तुलना करीत बसावे लागले.

१० फेब्रुवारी १९५८ रोजी अहवाल सादर झाला. मंत्र्याने आपल्या हाताखालच्यांच्या कृतीची जबाबदारी स्वीकारली पाहिजे, हा त्यातील निष्कर्ष गाजला व त्याच महिन्यात कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. अधिकाऱ्यांच्या वर्तनाची चौकशी पुढे न्या. व्हिवियन बोस यांच्या मंडळाकडे गेली. पटेल यांच्या बाबतीत इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. १९७७ मध्ये ते स्वतःच देशाचे अर्थमंत्री झाले. मात्र कारभाराच्या अभ्यासकाने छागलांची इतर सूत्रे अधिक मोलाची मानावीत. स्वायत्त महामंडळात सरकारने ढवळाढवळ करू नये, आणि करावयाचीच असेल तर लेखी निर्देश देण्याची जबाबदारी टाळू नये. अध्यक्षपदी अर्थव्यवहार व शेअरबाजार जाणणारी व्यक्ती असावी. सनदी सेवेतून आलेल्या अधिकाऱ्याने आपली निष्ठा महामंडळाशी आहे हे ओळखावे. विमेदारांचा पैसा त्यांच्याच हितासाठी वापरावा. या सूत्रांत नवे असे फार नाही. बहुतेक कलम २१ चेच भाष्य आहे. छागलांनी माणसांची पात्रता व निष्ठा यांवर भर दिला. गुंतवणूक समितीची संमती बंधनकारक करावी काय, किंवा अंतर्गत तपासनिसाला अध्यक्षाला वगळून थेट मंडळापुढे जाता यावे काय, हे प्रश्न त्यांच्या सूत्रांत नाहीत. न्यायाधीशाची दृष्टी स्वाभाविकच दोषाच्या वाटपाकडे असते, आणि चौकशीसाठी मिळालेला अवधी अवघ्या काही आठवड्यांचा होता. तरीही ही उणीव पुढील इतिहासावर परिणाम करून गेली असे मला वाटते.

कारण पुढील सुधारणा मुख्यतः बाहेरच्या देखरेखीच्या वाढीतून आल्या. १९६४ मध्ये संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती स्थापन झाली. १९६९ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अधीन लेखापरीक्षण मंडळ आले. आतली यंत्रणा फार मागाहून जागी झाली. विशिष्ट वर्गांतील कंपन्यांना अंतर्गत लेखापरीक्षक नेमण्याची सक्ती २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३८ ने केली. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांसाठी कारभाराची मार्गदर्शक तत्त्वे २००७ मध्ये ऐच्छिक म्हणून आली व २०१० मध्ये बंधनकारक झाली. आणि ज्या महामंडळापासून ही चर्चा सुरू झाली, त्याच्या मूळ कायद्यात लेखापरीक्षण समितीची तरतूद २०२१ च्या वित्त अधिनियमाने केली. मे २०२२ मध्ये शासनाने आपला ३.५ टक्के हिस्सा विकून महामंडळाचे भाग शेअरबाजारात आणले, त्याची ती पूर्वतयारी होती. १९५७ मध्ये ५ कोटी भांडवलाच्या संस्थेत विमेदारांच्या पैशासाठी जी समिती कायद्याने आवश्यक मानली गेली नाही, ती ६४ वर्षांनी भागधारकांच्या आगमनाच्या निमित्ताने आवश्यक ठरली.