देवदारी खोक्यापासून पुठ्ठ्याच्या खोक्यापर्यंत



गणेशपुरीहून भिवंडीकडे निघालं, की शहर जवळ येईल तशी गोदामं दिसू लागतात. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि मुंबईच्या जकातीबाहेर पण मुंबईला लागून अशी ही जागा व्यापाऱ्यांना सोयीची ठरली. आज घरबसल्या मागवलेल्या कितीतरी वस्तू इथूनच निघतात. वस्तू वापरात येते आणि खोकं माळ्यावर जातं, "कधीतरी लागेल" म्हणून.

ही सवय आपल्या आज्यांची. त्यांच्या काळी खोकं म्हणजे देवदारी लाकडाचं. माल काढून घेतला की त्याच्या फळ्यांची मांडणी व्हायची. चहाच्या प्लायवूडच्या खोक्यात अंथरुणं राहायची. लेकीला खाऊ पाठवायचा तर जुना पत्र्याचा डबा घ्यायचा, त्यावर मांजरपाट शिवायचं, शिवणीवर लाखेचे ठिपके द्यायचे आणि पोस्टात न्यायचं. डबा परत आला की पुन्हा कामाला. त्या वस्तू टिकाऊच होत्या, म्हणून जपून ठेवणं शहाणपणाचं होतं.

पुठ्ठ्याची गोष्ट वेगळी. १८५६ साली इंग्लंडमध्ये नागमोडी कागदाचं पेटंट घेतलं गेलं, ते खोक्यासाठी नव्हे, तर पुरुषांच्या उंच टोप्यांना आतून अस्तर म्हणून! १८७१ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तो बाटल्या गुंडाळायला वापरला. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँगने त्याला सपाट कागद चिकटवून बळकटी आणली. तरी अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या अशा खोक्यांतल्या मालाला लाकडी खोक्यांपेक्षा जास्त भाडं लावत. १९१४ साली तिथल्या आयोगाने हा भेदभाव अयोग्य ठरवला आणि लाकूड मागे पडत गेलं. आपला हापूसही पुठ्ठ्यात आला, पण आपण अजून 'आंब्याची पेटी'च म्हणतो. नाव लाकडाचं राहिलं, तशी सवयही लाकडाचीच राहिली.

पुठ्ठ्याचं बळ त्याच्या आतल्या नागमोडी थरात असतं. तो एकदा दबला किंवा ओला झाला, की वरून खोकं चांगलं दिसलं तरी वजन पेलत नाही. शिवाय थर चिकटवायला बहुधा मक्याच्या स्टार्चची खळ असते. झुरळांना आणि कसरीला ती आवडते, वाळवीला कागद. पावसाळ्यात दमट माळ्यावर ठेवलेली खोकी म्हणजे आपणच जिवांना घर करून देणं. मग दिवाळीच्या साफसफाईत औषध मारायची वेळ येते. काटकसर म्हणून ठेवलेलं खोकं असं हिंसेचं निमित्त होतं. आणि ढीग वाढला की तोही परिग्रहच, फुकट मिळाला म्हणून काय झालं?

आपले साधू-साध्वी दिवसातून दोनदा वस्त्र-पात्रांचं पडिलेहण करतात. तीच जयणा खोक्याला लावता येते. आलेलं खोकं त्याच दिवशी उजेडात उघडून पाहावं. कोपरे कडक असतील तर टेप सोडवून, सपाट करून, कोरड्या जागी उभं ठेवावं. चार-पाच पुरेत. पाठवताना जुना पत्ता आणि बारकोड काढून टाकावा, नाहीतर पार्सल भलतीकडे जाईल. तळाला आडवी-उभी टेप लावावी. जड डबे, लोणच्याच्या बरण्या यांसाठी पाच प्लायचंच खोकं घ्यावं, तीन प्लायचं कपड्यांना ठीक.

बाकीची खोकी कोरडी असतानाच रद्दीवाल्याला द्यावीत. धारावीत अशी खोकी उलटी करून, पिना मारून पुन्हा विक्रीला जातात. त्यावर कित्येकांच्या घरची चूल पेटते. जी फाटलेली, ती कागद गिरणीत जातात आणि त्यांचा पुन्हा कागद होतो.

आजीने डबा जपला तो परत पाठवण्यासाठी. तिची काटकसर ठेवण्यात नव्हती, फिरवण्यात होती. आपणही खोकं फिरतं ठेवूया.

तुमच्या माळ्यावर आज किती आहेत, एकदा मोजून पाहा. पावसाआधी.