पितृत्वनिश्चिती, फ्रेंच विधीतील

अविवाहित स्त्रीच्या अपत्याचा पिता कोण, हे न्यायालयाकडून ठरवून घेण्याची कार्यवाही. विवाहितेच्या अपत्याचा पिता तिचा पती असे विधी गृहीत धरतो. विवाहबाह्य अपत्यास हे गृहीतक उपलब्ध नसल्यामुळे पित्याने स्वेच्छेने दिलेली मान्यता किंवा न्यायनिर्णय हेच मुख्य मार्ग उरतात. फ्रान्समध्ये यांपैकी दुसरा मार्ग शंभराहून अधिक वर्षे जवळजवळ बंद होता.

राज्यक्रांतीपूर्वी स्थिती वेगळी होती. गरोदर अविवाहितेने शपथेवर ज्याचे नाव घेतले, त्याच्यावर प्रसूतीचा व अपत्याच्या पोषणाचा खर्च बसविला जाई. त्यामुळे अपत्यास अन्न मिळे. वारसा मात्र मिळत नसे. क्रांतीने हा क्रम उलटविला. २ नोव्हेंबर १७९३ च्या अधिनियमाने मान्यताप्राप्त अनौरस अपत्यास औरसाइतका वारसाहक्क दिला (व्यभिचारजन्य अपत्ये वगळून); परंतु पितृत्व हे पुरुषाच्या इच्छेवर अवलंबून असते, या विचारामुळे मातेचा जुना दावा संपुष्टात आला. १८०४ च्या नागरी संहितेने वारसाहक्क पुन्हा संकुचित केला व बंदी तेवढी कायम ठेवली. अनुच्छेद ३४० अन्वये पितृत्वाचा शोध निषिद्ध ठरला. अपहरणाचा काळ गर्भधारणेच्या काळाशी जुळत असेल, तरच अपवाद होता. अनुच्छेद ३४१ ने मातृत्वाच्या शोधास मात्र मुभा दिली. खोट्या दाव्यांमुळे होणारी बदनामी टाळणे, हे बंदीचे समर्थन होते. वस्तुतः तिने विवाहित कुटुंबाच्या मालमत्तेचे रक्षण केले आणि सर्व भार मातेवर टाकला. १८११ च्या हुकूमाने अनाथालयांच्या भिंतींत फिरते पाळणे बसविण्यात आले, त्यांत मूल गुपचूप ठेवून जाता येई. इंग्लंडमध्ये १५७६ पासूनच दंडाधिकारी पित्याकडून पोटगी वसूल करवीत. तेथे कळकळ अपत्याची नव्हे, तर पॅरिशच्या तिजोरीची होती. पण मुलाला तिचा उपयोग झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रेंच न्यायालये फसविल्या गेलेल्या स्त्रीस अनुच्छेद १३८२ खाली नुकसानभरपाई देऊ लागली. अशा निर्णयाने पितृत्व मात्र सिद्ध होत नसे. गुस्ताव्ह रिव्हे यांनी १८८३ मध्ये मांडलेल्या सुधारणेस यश येण्यास १९१२ साल उजाडावे लागले. १६ नोव्हेंबर १९१२ च्या अधिनियमाने पाच प्रसंगी दावा खुला केला : अपहरण वा बलात्कार, विवाहाचे वचन इत्यादींनी केलेली फसवणूक, पित्याची निःसंदिग्ध लेखी कबुली, उघड सहजीवन आणि पिता या नात्याने केलेले पालनपोषण. मातेचे वर्तन कुप्रसिद्ध असल्यास दावा फेटाळला जाई. म्हणजे मुलाच्या हक्काचा निवाडा आईच्या चारित्र्यावरून होई. मातेस जन्मापासून दोनच वर्षांची मुदत होती.

३ जानेवारी १९७२ च्या अधिनियमाने औरस व अनौरस अपत्यांचे हक्क तत्त्वतः समान केले. दाव्याच्या ठराविक प्रसंगांची अट १९९३ मध्ये गेली. व्यभिचारजन्य अपत्यांच्या वारसाहक्कातील उणीव २००१ मध्ये दूर झाली, तर औरस-अनौरस हा भेदच २००५ च्या अध्यादेशाने संहितेतून वगळला. जन्मापासून दहा वर्षे ही दाव्याची सर्वसाधारण मुदत असून अपत्याच्या अज्ञानकाळात ती मोजली जात नाही. त्यामुळे अपत्यास वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत दावा आणता येतो. जनुकीय चाचणी न्यायाधीशाच्या आदेशानेच होते, खाजगीरीत्या केल्यास तो गुन्हा ठरतो. आणि हयातीत संमती न दिलेल्या मृताची चाचणी करता येत नाही.