प्रवाळ-मत्स्यालय : गाळण व प्रवाहातील बिघाड
प्रवाळ व त्यांचे सहचर जीव ज्या मोठ्या काचटाकीत पाळले जातात, तिच्या आरोग्याची सारी मदार पाण्याच्या अखंड अभिसरणावर असल्याने, प्रवाह मंदावला की त्याची तहकिकात रसायनांच्या बाटल्यांपासून नव्हे, तर खालच्या तळटाकीपासून, म्हणजे सम्पपासून सुरू करणे श्रेयस्कर होय. मुख्य टाकीची पातळी सांडव्याच्या काठाने स्थिर राहत असल्यामुळे बाष्पीभवनाची सारी तूट पंपाच्या कप्प्यात प्रकट होते. तेथे पंप हवा ओढू लागतो व वर बारीक बुडबुड्यांचे धुके पसरते. ही तूट गोड्या पाण्यानेच भरावी, कारण मीठ उडून जात नाही. पातळी योग्य असूनही ओघ क्षीण असेल, तर पंपाच्या फिरत्या पात्यावर चुन्याचे पुट चढलेले बहुधा आढळते. व्हिनेगरमध्ये भिजविल्यावर ते जुन्या ब्रशानेही निघते. पाण्यातील मळ फेसावाटे काढणाऱ्या प्रोटीन स्किमर या उपकरणाचा फेस एकाएकी बसल्यास हवेच्या नळीच्या तोंडाशी साचलेले मीठ आधी पाहावे. या क्षुल्लक खड्याने कितीतरी महागडी यंत्रे नाहक बदनाम झाली आहेत. वीज गेल्यावर परतीच्या नळीतून पाणी उलट ओढले जाऊ नये म्हणून पृष्ठभागालगत ठेवलेले छिद्र एखादी गोगलगायही बुजवू शकते, आणि मग दिवाणखान्याच्या फरशीवर समुद्र अवतरतो. गाळण व प्रवाह यांचीच मदार मोठ्या कुंडांतही दिसते; ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे १९८७ मध्ये खुल्या झालेल्या, सुमारे २५ लाख लिटरच्या प्रवाळकुंडात आरंभी शैवालाच्या थरांवरून पाणी खेळवून ते शुद्ध करण्याची पद्धत अवलंबिली होती व लाटांसाठी स्वतंत्र यंत्र बसविले होते.