ओझे कोणी वाहायचे?

सायकल आपल्या खेड्यापाड्यांना नवी नाही. हँडलला दुधाच्या किटल्या, दांड्यावर पोर, मागे घासाचा भारा. आपण तिला बैलासारखी राबवली. म्हणून घडीची सायकल घेऊन, जवळजवळ सामानावाचून, कोणी चार दिवस फिरायला निघाला तर आपल्याला हसू येते. पण या हौसेचे मूळ हौसेत नाही, पलटणीत आहे.

1890 च्या दशकात फ्रान्सच्या सैन्यात कॅप्टन झेरार याने घडीची सायकल पुढे आणली. विचार साधा होता. रस्ता असेल तोवर सायकलने शिपायाला न्यावे. रस्ता संपला की शिपायाने तिची घडी करून ती पाठीवर घ्यावी. दुसऱ्या महायुद्धात बीएसए कारखान्याने इंग्रजांच्या छत्रीधारी सैनिकांसाठी अशाच सायकली केल्या. पुढे हे यंत्र मुलकी झाले, चाकेही लहान झाली. लंडनच्या अँड्र्यू रिची याने 1975 च्या सुमारास घडवलेल्या ब्रॉम्प्टनचे चाक अवघे 16 इंची.

रस्ता संपला तर काय, हा प्रश्न आपल्याकडच्या प्रवाशांनाही पडला होता. 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. तिघे वाटेत वेगळे झाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे मार्च 1928 मध्ये, सुमारे 71,000 किलोमीटर हिंडून परतले. बगदादहून अलेप्पोकडे जाताना त्यांना वाळवंट लागले. आता तुम्हीच सांगा, भुसभुशीत वाळूत सायकल चालते का? तिथे धनीच तिचा हमाल होतो.

आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली अमेरिका आडवी ओलांडण्याची सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. पराक्रम मोठाच. पण शर्यतीत मागून मोटार येते आणि सामान मोटारीत असते. मुक्काम करत हिंडणाऱ्याला हे सुख कुठले?

माझेच सांगतो. पहिल्या खेपेला वळकटी, स्टोव्ह आणि दोन जाड पुस्तके बांधून मी सप्तशृंगी गडाला निघालो. नांदुरीपासूनचा घाट निम्मा तरी सायकल ढकलत चढलो. पुस्तके उघडलीच नाहीत! दुसऱ्या खेपेला कपड्यांचा एक जोड, शाल, ट्यूब, पंप आणि पाना एवढेच घेतले. पाय थकले तेव्हा सायकलची घडी केली, पोत्यात घातली आणि गाडीत बाकाखाली सरकवली. एरवी साधी सायकल एसटीच्या टपावर चढवायची म्हणजे दोन माणसे आणि कंडक्टरची मर्जी लागायची.

दोषही सांगितले पाहिजेत. लहान चाक खड्ड्यात जास्त बसते, आणि आपल्या रस्त्यांना खड्ड्यांची वाण नाही. किंमतही मास्तराच्या खिशाला जड. घरची जुनी सायकल धड असेल तर तीच घेऊन निघावे, सामान तेवढे निम्मे करावे. आणि घडीची असेल, तर बिजागरीची कळ रोज सकाळी हाताने दाबून पाहावी. मी एकदा विसरलो होतो. कोपराला अजून वण आहे.