लोकारोग्याची पाठशाळा

२०१८ सालच्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची साथ आली. खुर्सीपारसारख्या दाट कामगार-वस्तीतून रुग्णांची रीघ लागली, आणि अनेकांचे प्राण गेले. त्यांत लहान मुलेही होती. भिलाई हे काही वैद्यकीय साहाय्याला पारखे असलेले गाव नव्हे. पोलाद-कारखान्याचे सेक्टर नऊमधील मोठे रुग्णालय तेथे आहे, आणि दुर्ग-रायपूरची रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत. परंतु डेंग्यूचे मूळ रुग्णालयात नसते. त्याचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. उन्हाळा सरल्यावर कोपऱ्यात पडून राहिलेल्या कूलरची टाकी, छपरावर टाकलेले जुने टायर, नळाचा भरवसा नाही म्हणून भरून ठेवलेले पिंप, ही त्याची सूतिकागृहे. अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर आठवड्यास घरोघर जाऊन ते पाणी ओतावयाचे, कोणत्या गल्लीत पहिला ताप आला त्याची नोंद ठेवावयाची आणि दुसरा कोठे येईल याचा अदमास बांधावयाचा, हा त्यावरचा खरा इलाज. त्यासाठी कोणी शल्यविशारद लागत नाही. मग कोण लागतो, आणि तो तयार कोठे होतो?

ज्या गावात हा प्रश्न पडला त्या गावाला शिक्षणाचे मोल नव्याने सांगावयास नको. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या कारखान्यासंबंधी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपुराहून चालत होता. मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. दहा लक्ष टन पोलाद काढण्याची ती योजना. पोलादाची भट्टी नुसत्या हुशारीवर चालत नाही हे सर्वांस ठाऊक होते. म्हणून शेकडो भारतीय अभियंते आणि कारागीर सोव्हिएत देशातील कारखान्यांत शिकावयास गेले, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. यांतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जो शिकावयास गेला, त्याची जागा त्याच्या परतण्यापूर्वीच ठरलेली होती. लोकारोग्याच्या शिक्षणाचे घोडे अडले ते नेमके येथेच.

हे शिक्षण निराळे असावे असे वाटण्यास माणसांना मोठी किंमत मोजावी लागली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात अकासिओ व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरने प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी तो पुण्यात फैलावला आणि बंदोबस्तासाठी वॉल्टर रँडच्या हाताखाली गोरे सोजीर पाठविण्यात आले. त्यांनी घरे धुंडाळली, सामान जाळले, माणसे अलग केली. पण रोग उंदराच्या पिसवेतून येतो ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती आणि घरातल्या माणसांशी बोलावे कसे हेही ठाऊक नव्हते. पहिल्या अज्ञानाबद्दल त्यांना दोष देता येत नाही, कारण पॉल-लुई सिमों याने कराचीत पिसवेचा शोध लावला तो १८९८ मध्ये. दुसऱ्या अज्ञानाला मात्र क्षमा नव्हती. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत जे घडले ते मराठी श्रोत्यांस सांगावयास नको. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च रोजी वारल्या. साथीच्या कामाची दोन रूपे एकाच शहराने एकाच ऋतूत पाहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य देशांत हा विषय वैद्यकाच्या पंखाखालून बाहेर पडू लागला. १९१३ मध्ये हार्वर्ड आणि मॅसॅच्युसेट्सची तंत्रसंस्था यांनी मिळून आरोग्य-अधिकाऱ्यांची शाळा काढली. १९१६ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशाने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्वतंत्र विद्यालयाची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये लंडनच्या संस्थेस सनद मिळाली. त्याच प्रतिष्ठानच्या साहाय्याने ३० डिसेंबर १९३२ रोजी कलकत्त्यास अखिल भारतीय आरोग्यशास्त्र व लोकारोग्य संस्था उभी राहिली. आशियातील या प्रकारच्या आद्य संस्थांपैकी ती एक. जॉन ग्रँट हे तिचे संचालक झाले ते चीनमधील पेकिंगचा अनुभव गाठीस बांधून. १९३९ मध्ये हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे संस्थेने ग्रामीण केंद्र काढले. त्यामागची कल्पना सरळ होती: वैद्यकाचा विद्यार्थी जसा रुग्णाच्या खाटेपाशी शिकतो, तसा लोकारोग्याचा विद्यार्थी गावात शिकला पाहिजे. विहिरी, जन्ममृत्यूची नोंद, सुईणी, शाळेतली मुले, हेच त्याचे रुग्णालय.

पुढे १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांची समिती नेमण्यात आली. ग्रँट तिचे सभासद होते, आणि कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी हेही होते. समितीचा १९४६ चा अहवाल आजही वाचावा असा आहे. प्रत्येक डॉक्टर हा समाजाचा वैद्य झाला पाहिजे असा तिचा आग्रह होता आणि त्यासाठी वैद्यकीय शिक्षणातच प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकास स्थान द्यावे अशी शिफारस तिने केली. हेतू उदात्त होता. पण परिणाम थोडा विपरीत झाला असे म्हणावे लागते. लोकारोग्य हा वैद्यकीय महाविद्यालयाच्या एका विभागाचा विषय होऊन बसला, आणि विद्यार्थ्यांच्या पसंतीत तो शेवटच्या बाकावर गेला. शिवाय त्याचे दार डॉक्टरांपुरतेच उघडे राहिले. पाण्याचा अभियंता, संख्याशास्त्रज्ञ, अनुभवी परिचारिका, समाजशास्त्राचा पदवीधर हे सारे बाहेर. पुष्कळ प्रांतांत वैद्यक आणि आरोग्य ही दोन खाती एक करण्यात आली, तेव्हा एकत्रीकरणाच्या नावाखाली लोकारोग्याचा अधिकारी हळूहळू नाहीसा झाला. ज्याने आयुष्यभर शस्त्रक्रिया केल्या, तो सेवाज्येष्ठतेने जिल्ह्याच्या आरोग्याचा प्रमुख होऊ लागला.

पुन्हा छत्तीसगडकडे वळू. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणारे दल्ली-राजहरा तेथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. तेथील खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःच्या पैशाने आणि श्रमाने शहीद रुग्णालय बांधले आणि ३ जून १९८३ रोजी ते सुरू झाले. १९७७ च्या गोळीबारात पडलेल्या कामगारांचे ते स्मारक. बंगालमधून आणि इतर ठिकाणांहून तरुण डॉक्टर तेथे आले. ते रुग्ण तपासावयास आले होते खरे. परंतु वस्तीतले पिण्याचे पाणी, बाळंतपणे आणि दारू या प्रश्नांना हात घातल्यावाचून रुग्णांची रांग संपत नाही, हा धडा त्यांना कोणत्याही महाविद्यालयाने दिला नव्हता. दारूबंदीची चळवळ कामगारांनी आधीच हाती घेतली होती. या डॉक्टरांचे लोकारोग्याचे खरे पदव्युत्तर शिक्षण खाणीच्या तोंडाशी झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पण अशा शिक्षणाची पदवी नसते, आणि ते पुढच्या पिढीस आपोआप मिळत नाही.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले तेव्हा आदिवासी मुलुखात डॉक्टर मिळेना. नव्या राज्याने २००१ मध्ये कायदा करून तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. पदविकेचे नाव काय असावे, तिच्या धारकाने नावापुढे काय लावावे, यावर वाद माजला; नाव बदलले, पुन्हा बदलले; विद्यार्थी संपावर गेले. शिक्षण घेऊन आपण नक्की कोण होणार, हे त्या मुलांना कोणी सांगू शकले नाही. काही वर्षांतच नवे प्रवेश थांबले. नंतर राज्याने त्यांतील पुष्कळांना ग्रामीण वैद्यकीय साहाय्यक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले. २०१० च्या सुमारास त्यांच्या कामाची पाहणी झाली, तेव्हा साध्या व नेहमीच्या आजारांत त्यांचे काम पदवीधर डॉक्टरांच्या बरोबरीचे आढळले. म्हणजे विद्येत खोट नव्हती. ती बंद पडल्यावर हे कळले, ही आपल्याकडची नेहमीची रीत.

दुसरा प्रयोग मात्र रुजला. २००२ मध्ये मितानिन योजना निघाली. छत्तीसगडात दोन मुली विधिपूर्वक जन्माच्या मैत्रिणी होतात. त्या नात्याचे नाव घेऊन प्रत्येक पाड्याने आपली एक आरोग्यसखी निवडली. पाहता पाहता सुमारे साठ हजार मितानिन उभ्या राहिल्या, आणि २००५ मध्ये देशभर ‘आशा’ योजना आखताना हा अनुभव उपयोगी पडला. पाड्यातल्या कोणत्या मुलाचे वजन घटले, कोणत्या घरी ताप आहे, हे मितानिनला ठाऊक असते. पण साठ हजार बायकांना जे ठाऊक आहे ते एकत्र करून त्यातून साथीची चाहूल ओळखणारा, जिल्ह्याचा पैसा आणि माणसे त्या दिशेने हलविणारा, नगरपालिकेच्या अभियंत्याशी त्याच्या भाषेत बोलणारा जो मधला अधिकारी, तो कोठे होता? इमारतीचा पाया घातला गेला आणि कळसही होता. मधले मजले राहून गेले.

हे मधले मजले बांधण्याचा प्रयत्न उशिराने झाला. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेतील अच्युत मेनन केंद्राने १९९७ मध्ये लोकारोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. २८ मार्च २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते भारतीय लोकारोग्य प्रतिष्ठानाचे उद्घाटन झाले. शासन आणि खाजगी देणगीदार यांच्या पैशाने देशात नव्या पदव्युत्तर संस्था काढाव्यात हा त्याचा हेतू होता. गांधीनगर, हैदराबाद, दिल्ली, भुवनेश्वर आणि मागाहून शिलाँग येथे त्या निघाल्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि पुण्याच्या विद्यापीठातही असे अभ्यासक्रम चालू झाले. डॉक्टर नसलेल्या पदवीधरांस त्यांनी प्रवेश दिला, ही लहान गोष्ट नव्हे. भोर समितीनंतर साठ वर्षे बंद राहिलेले दार त्यामुळे उघडले.

मात्र बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यापुढे तोच जुना प्रश्न उभा राहिला. सरकारी खात्यांत त्याच्या पदवीला ओळखणारे पदच बहुधा नव्हते. जो तो स्वयंसेवी संस्थांत, संशोधन-प्रकल्पांत किंवा मुदतीच्या करारावर राहिला, आणि प्रकल्प संपला की जिल्हा पुन्हा मोकळा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सर्व राज्यांत लोकारोग्याची स्वतंत्र सेवाश्रेणी असावी असे म्हटले; २०२२ मध्ये केंद्राने त्याविषयी राज्यांना मार्गदर्शक सूचनाही दिल्या. सूचना आणि नेमणूक यांमधील अंतर कचेरीत बसणाऱ्यांस चांगले ठाऊक असते.

हे अंतर कापता येते याचा दाखला दूर नाही. मद्रास इलाख्याने १९३९ मध्ये लोकारोग्याचा कायदा केला आणि स्वतंत्र खाते मोडू दिले नाही. तामिळनाडूत आजही ते खाते निराळे आहे. तेथे आरोग्य-अधिकारी म्हणून घेतलेल्या डॉक्टरला ठराविक मुदतीत लोकारोग्याची पदविका मिळवावी लागते. ती मिळवून तो परततो तेव्हा त्याची जागा त्याची वाट पाहत असते, आणि तिच्यावरून पायरी-पायरीने तो संचालकाच्या खुर्चीपर्यंत जाऊ शकतो. १९५५ नंतर सोव्हिएत कारखान्यांतून परतलेल्या भिलाईच्या अभियंत्यांची हीच व्यवस्था होती.